नखाएवढ्या मालाची आवक

कांद्याच्या बातमीला दोन शब्द पुरतात: आवक आणि उठाव. आवक वाढली, उठाव नाही, भाव पडले. आवक घटली, भाव वधारले. मोबाइलच्या दुकानात तारेच्या हुकांना लटकणारी मेमरी कार्डांची पाकिटं बघताना हे शब्द कोणाला आठवत नाहीत. पण लासलगावचा कांदा आणि या कार्डांतली मेमरी जिथे बनते त्या जपानातल्या योक्काइचीचं सिलिकॉन यांत वाटतो तेवढा फरक नाही. दोन्हींची लागवड काही महिने आधी होते, भाव काढणीच्या वेळी ठरतो, आणि मधल्या काळात बाजार पालटला तरी लावलेलं उपटून टाकता येत नाही. कांदा चाळीत सडतो. कार्ड सडत नाही, पण दुकानदाराच्या खणात पडल्या पडल्या त्याची किंमत उतरते, म्हणजे हिशेब तोच.

गावाकडे मेमरी कार्डाला चिप म्हणतात आणि मागणी एका वाक्यात संपते: "बत्तीसची चिप आहे का? कितीला?" जीबी आणि रुपये, यापलीकडे गिऱ्हाईक काही विचारत नाही. पाकिटावर मात्र वेग सांगणाऱ्या बारीक खुणांची जत्रा भरलेली असते. वर्तुळातला १०, यू च्या पोटातला १ किंवा ३, व्ही३०, ए१, ए२. यातल्या बऱ्याच खुणा दुकानदारही वाचत नाही. कार्ड किती वेळा पुसून लिहिलं तर झिजेल, हा आकडा तर साध्या कार्डाच्या पाकिटावर छापतच नाहीत. फसगत बहुतेक वेळा इथेच होते.

हा माल खपायला लागला तो गाण्यांमुळे. १५ बाय ११ मिलिमीटरचं, जेमतेम मिलिमीटरभर जाडीचं मायक्रोएसडी कार्ड या नावाने २००५ साली बाजारात आलं आणि पुढची दहा वर्षं एसटी स्टँडासमोर 'येथे मोबाइलमध्ये गाणी भरून मिळतील' ही पाटी हमखास दिसू लागली. आत एक जुना कॉम्प्युटर, त्याला लोंबणारा कार्ड रीडर आणि पडद्यावर फोल्डर: भक्तिगीतं, लावणी, कोळीगीतं, जुनी हिंदी, डीजे. चार मिनिटांचं गाणं १२८ केबीपीएसने एमपीथ्री केलं की पावणेचार एमबीच्या आसपास बसतं. म्हणजे २ जीबीच्या कार्डात पाचशे गाणी. हक्कबिक्क कोणी विचारत नव्हतं. दुकानदाराला कार्ड एकदाच विकायचं. ते पुन्हा पुन्हा भरून घ्यायला गिऱ्हाईक परत यायचं, त्याची खरी वर्दळ.

त्या काळी परत आलेलं कार्ड बहुतेकदा बिघडलेलं नसायचं. मूळ एसडी मानक २ जीबीपाशी थांबत होतं. त्याच्या पुढे ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांसाठी २००६ साली एसडीएचसी आलं. जुन्या फोनात ४ जीबीचं कार्ड घातलं की फोन ते ओळखायचा नाही, गिऱ्हाईक म्हणायचं कार्ड डुप्लिकेट आहे, आणि दुकानदार दुसऱ्या फोनात घालून दाखवायचा. दोघंही आपापल्या जागी बरोबर असत.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि गाणी साठवण्याची गरजच विरून गेली. ती पाटी कोणी उतरवली नाही. तिच्यावर 'रिचार्ज' आणि 'झेरॉक्स' चिकटत गेलं. त्याच सुमाराला फोनवाल्यांनी हायब्रिड ट्रे आणला. दुसऱ्या खाचेत एकतर दुसरं सिम घाला, नाहीतर कार्ड. दोन सिम बाळगणाऱ्या देशात हा प्रश्न म्हणजे धर्मसंकट. लोकांनी त्यातूनही वाट काढली. सिमला लायटरची धग देऊन त्याची सोनेरी चकती प्लास्टिकपासून सोडवायची, मागे उरलेलं प्लास्टिक घासून पातळ करायचं, आणि ती मायक्रोएसडीच्या रिकाम्या बाजूवर अशी चिकटवायची की दोघांच्याही पिना ट्रेमध्ये आपापल्या जागी येतील. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं की सिम जायचं, गोंद जाड झाला की ट्रे आत अडकायचा. पुढे महागड्या फोनांनी कार्डाची खाच काढूनच टाकली. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस मालिकेत ती २०१५ साली गेली, पुढच्या वर्षी परत आली आणि २०२१ पासून कायमची गेली. कारणं जाडी, पाणीरोधकता अशी दिली जातात. मला त्यातलं खरं कारण १२८ आणि २५६ जीबीच्या फोनांमधल्या किमतीच्या फरकात दिसतं.

उठाव संपला नाही, त्याने गिऱ्हाईक बदललं. आज चिप मागणारा माणूस ती फोनात घालणारच असं नाही. ती जाते घराच्या दारावरच्या वायफाय कॅमेऱ्यात, गाडीच्या डॅशकॅममध्ये, ड्रोनमध्ये, लग्नाच्या शूटिंगच्या कॅमेऱ्यात. दुकानदार मात्र अजून जुन्या सवयीने फोनाचं कार्ड काढून देतो.

फोनातलं कार्ड वर्षातून दोन-चार वेळा भरतं. आता कॅमेऱ्याचा हिशेब मांडा. साधा वायफाय कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिटच्या आसपास लिहितो, म्हणजे पाव एमबी (आठ बिटांचा एक बाइट). दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले तर २१.६ जीबी. ६४ जीबीचं कार्ड तीन दिवसांत काठोकाठ भरतं, मग कॅमेरा सगळ्यात जुनं चित्रण पुसून त्यावर लिहायला लागतो. वर्षाकाठी असे सव्वाशेच्या आसपास फेरे. कार्डातल्या फ्लॅश मेमरीत माहिती म्हणजे इन्सुलेशनच्या आड कोंडलेले इलेक्ट्रॉन. पुसताना ते त्याच पातळ थरातून ओढून बाहेर काढावे लागतात, आणि दर खेपेला तो थर थोडा खराब होतो. एका पेशीत एक बिट ठेवायचा तर विद्युतदाबाच्या दोन पातळ्या ओळखल्या की भागतं. तीन बिट ठेवायचे तर आठ पातळ्या, चार बिटांना सोळा. स्वस्ताई आली ती या पातळ्या दाटीवाटीने बसवण्यातून, आणि थर जरासा खराब झाला की पहिला घोटाळा होतो तोही शेजारच्या पातळीशीच.

म्हणून जास्त झीज सोसणारी, 'एन्ड्युरन्स' नावाची वेगळी कार्डं येतात. सॅनडिस्कच्या हाय एन्ड्युरन्स ६४ जीबीवर ५,००० तास लिहिलेलं असतं. ऐकायला भरपूर वाटतं, पण चोवीस तासांनी भागलं तर २०८ दिवसच होतात. इथे घाबरून कार्ड परत ठेवणाऱ्याने खालची बारीक अक्षरं वाचावीत: हा आकडा सेकंदाला २६ मेगाबिट या दराचा आहे. गुणाकार केला तर साडेअठ्ठावन्न टीबी (५८,५०० जीबी) होतात, म्हणजे कार्ड नऊशेहून जास्त वेळा भरणं. दारावरच्या २ मेगाबिटच्या कॅमेऱ्यात तेच कार्ड कागदावर सात वर्षं जातं. दिवसाचे बारा तास चालणाऱ्या टॅक्सीच्या डॅशकॅममध्ये मात्र २६ मेगाबिटचाच दर लागू धरा: चौदा महिने. त्यात मे महिन्यात नागपूरला उन्हात उभ्या गाडीची काच. कार्डावर ८५ अंश सेल्सिअसपर्यंतची मर्यादा छापलेली असते, पण ती चालण्याची मर्यादा आहे, आयुष्य सुखात जाण्याची नाही. साध्या कार्डांच्या वॉरंटीत सलग चित्रण करणारी उपकरणं बहुधा वगळलेली असतात, हे वाक्य पाकिटाच्या मागे इतक्या बारीक अक्षरांत असतं की वाचायला मोबाइलचा कॅमेराच झूम करावा लागतो.

कॅमेऱ्याचं कार्ड झिजण्याआधी मरतं ते लाइट गेल्यामुळे. लिहिणं चालू असताना वीज गेली तर कुठला तुकडा कुठे ठेवलाय याची कार्डाच्या आतली वही अर्धवट राहते. वीज परत येते, कॅमेऱ्याचा हिरवा दिवा लागतो, अॅपमध्ये थेट चित्र दिसतं, आणि मालक समजतो की सगळं ठीक आहे. चोरी झाल्यावर मागचं चित्रण बघायला जावं तर तीन आठवड्यांपासून काहीच नाही. उपाय साधे आहेत. कॅमेरा आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर किंवा छोट्या यूपीएसवर घ्यायचे. कार्ड कॉम्प्युटरवर नाही, कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायचं. आणि महिन्यातून एकदा काल रात्रीचं चित्रण उघडून बघायचं.

लग्नाच्या शूटिंगवाल्यांचं गणित निराळं. फोरके १०० मेगाबिटने चित्रीकरण म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, तासाला ४५ जीबी. १२८ जीबीचं कार्ड पावणेतीन तास. त्यांना व्ही३० पुरतं, कारण ते सेकंदाला किमान ३० एमबी सलग लिहिण्याची हमी देतं. पाकिटावर ठळक छापलेला '२००' हा आकडा वाचण्याच्या वेगाचा असतो, तोही कंपनीच्याच रीडरमध्ये, आणि वाचण्याच्या वेगाने हळद शूट होत नाही. जाणते लोक एक मोठं कार्ड घेण्याऐवजी दोन मध्यम घेतात: हळद एकात, मुहूर्त दुसऱ्यात. तुळशीचं लग्न लागलं की या कार्डांचा उठाव वाढतो. जंगलातही हा माल जातो. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरा ट्रॅप लावले होते, ताडोबा-मेळघाटही त्यात आले. प्रत्येक कॅमेऱ्याच्या पोटात एक एसडी कार्ड, आणि त्यांवर मिळून साडेतीन कोटींच्या आसपास फोटो.

हा माल मुळात पिकतो कुठे, हे पाहिलं की भाव का हलतात ते कळतं. नॅन्ड फ्लॅश, म्हणजे या कार्डांतली मेमरी, १९८७ साली तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी जगापुढे मांडली. मासुओकांच्या सहकाऱ्याला पुसण्याची क्रिया कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखी वाटली म्हणून हे नाव. आज ती बनवणारे मोजकेच: सॅमसंग, एसके हायनिक्स, किओक्सिया म्हणजे जुनी तोशिबा मेमरी, तिची भागीदार सॅनडिस्क, मायक्रॉन आणि चीनची वायएमटीसी. हुकावर वीस ब्रँड लटकलेले असले तरी मागे विहिरी एवढ्याच. ३०० मिलिमीटर व्यासाची सिलिकॉनची चकती कारखान्यात शिरल्यापासून बाहेर यायला तीनेक महिने लागतात. मग तिच्यावरच्या शेकडो चौकटी, म्हणजे मेमरीचे सुटे तुकडे, तपासून निवडल्या जातात, अगदी आंब्याच्या वखारीत होते तशी निवड. एक नंबरचा माल डेटा सेंटरच्या ड्राइव्हना, त्याखालचा फोन आणि लॅपटॉपला, मग कार्डांना, आणि जे कुठेच बसत नाही ते बिनब्रँडच्या पेन ड्राइव्हला आणि कार्डांना. अर्धी बिघडलेली चौकट निम्म्या क्षमतेचं कार्ड म्हणून चालून जाते. त्यात गैर काही नाही, डागी आंब्याचाही आमरस होतो. फक्त तो हापूसची पेटी म्हणून विकू नये.

या निवडीत कार्ड शेवटच्या टोकाला असल्यामुळे वर कुठेही ताण आला की आधी इथे जाणवतो. जून २०१९ मध्ये योक्काइचीत वीज गेली, तीही तेरा मिनिटं. चकत्या भट्ट्यांत आणि रसायनांत अर्ध्यावर होत्या. तेव्हा सॅनडिस्कची मालक असलेल्या एकट्या वेस्टर्न डिजिटलने सहा एक्साबाइटचं, म्हणजे सहाशे कोटी जीबीचं, नुकसान जाहीर केलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथल्या आणि जपानातल्याच किताकामीच्या कारखान्यांत कच्च्या मालात भेसळ निघाली, पुन्हा साडेसहा एक्साबाइटच्या वर फटका. तरीही त्याच वर्षअखेरीस भाव पडले, कारण करोनातली लॅपटॉपची खरेदी संपली होती आणि पिकवलेलं उचलायला कोणी नव्हतं. किओक्सियाने ऑक्टोबर २०२२ पासून चकत्यांचं काम तीस टक्क्यांनी कमी केलं, इतरांनीही हात आखडता घेतला, आणि २०२३ च्या शेवटाला भाव परत चढले. २०२५ च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरांनी माल उचलायला सुरुवात केली आणि कार्डं पुन्हा महागली. काउंटरवर या सगळ्याचं भाषांतर एवढंच होतं: "वरूनच वाढलंय, साहेब." गिऱ्हाईकाला ती थाप वाटते. यावेळी ती थाप नसते.

लहान कार्डांची कथा वेगळी, आणि मला ती जास्त खुपते. आजच्या कारखान्यात बनणारी एक चौकट सर्रास ५१२ गिगाबिटची असते, म्हणजे एकटीच ६४ जीबी. तिच्यातून १६ जीबीचं कार्ड काढायचं म्हणजे चार माणसांच्या घरात एकाला ठेवण्यासारखं. ८ आणि १६ जीबीसाठी जुन्या पिढीच्या चौकटी लागतात, आणि त्या बनवणारी यंत्रं एकेक करून बंद होत आहेत. शिवाय कंट्रोलर (कार्डाचा कारभार बघणारी चिप), तळपट्टी, सोन्याच्या तारा, तपासणी, पाकीट, वाहतूक हा खर्च कार्ड ८ चं असो की ६४ चं, जवळपास तेवढाच. म्हणून लहान कार्ड एका ठरावीक किमतीखाली उतरतच नाही आणि १६ व ३२ जीबीत फरक उरत नाही. कंपनीला ते नको, दुकानदाराला ते नको.

पण गिऱ्हाईक आहे. ट्रॅक्टरवरच्या साउंड सिस्टिमला, देवळातल्या हरिपाठ वाजवणाऱ्या डब्याला, जुन्या गाडीच्या स्टिरिओला लहानच कार्ड लागतं, कारण ती यंत्रं फॅट३२ ही फाइली मांडण्याची जुनी पद्धतच वाचतात. ६४ जीबी आणि वरची कार्डं एक्सफॅट या नव्या पद्धतीत फॉरमॅट होऊन येतात, ती घातली की डबा 'नो कार्ड' म्हणतो. नवं ६४ जीबी कार्ड वेगळं सॉफ्टवेअर वापरून फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलं की अशा बऱ्याच यंत्रांत चालून जातं. विंडोजच्या नेहमीच्या खिडकीत ३२ जीबीच्या वर तो पर्यायच दिसत नसे, म्हणून लोकांचा समज झाला की हे अशक्य आहे. फक्त २ जीबीच्या जमान्यातल्या यंत्रांना हा उपाय लागू पडत नाही. त्यांना जुनं कार्डच शोधावं लागतं.

जिथे खरी आवक आटते तिथे खोटी सुरू होते. डुप्लिकेट कार्डात मेमरी खोटी नसते, तिच्या शेजारचा कंट्रोलर खोटं बोलतो. प्रत्येक कार्डात स्वतःचा एक छोटा प्रोसेसर असतो. हार्डवेअर हॅकर बनी हुआंग आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१३ च्या डिसेंबरात हॅम्बुर्गच्या हॅकर परिषदेत तो बाहेरून ताब्यात घेऊन दाखवला होता. आत ८ जीबी असताना त्याला १२८ सांगायला शिकवलं की कॉम्प्युटर निमूट विश्वास ठेवतो. पहिले ८ जीबी नीट उतरतात. त्यापुढचं लिहिलेलं हवेत जातं, नाहीतर आधीच्यावर चढतं. फाइलींची नावं दिसतात, आकार दिसतो, तारीख दिसते, फोटो मात्र अर्ध्यावर राखाडी होऊन थांबतो. हे कळेपर्यंत दोन महिने गेलेले असतात. फॉरमॅट करून किंवा प्रॉपर्टीज उघडून हे पकडता येत नाही, कारण उत्तर देणारा तोच खोटारडा असतो. पूर्ण भरून परत वाचणं हाच मार्ग. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्स-मॅकवर एफ३, दोन्ही फुकट. कार्ड रिकामं असताना, काही भरण्याआधी, परतीची मुदत संपण्याआधी चालवायचं. सेकंदाला १० एमबीने ६४ जीबी लिहायला पावणेदोन तास लागतात, म्हणून जेवण आटोपून बसायचं काम. ६४ जीबीचं कार्ड ५९.६ दाखवलं तर ती फसवणूक नाही. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १,०२४ ने.

दुकानात उभ्या उभ्या बघण्यासारखं एकच: पाकिटाची पाठ. आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीचा संपर्क कायद्याने हवा. डुप्लिकेटवाले पुढची बाजू जीव ओतून छापतात, मागच्या बाजूला कंटाळा करतात. पाकीट नसलेला 'लूज माल' दुकानदार स्वस्तात देतो, आणि १८ टक्के जीएसटी वाचतो म्हणून गिऱ्हाईक खूश होतं. असं कार्ड अस्सल असूही शकतं, कुठल्यातरी कॅमेऱ्याच्या डब्यातून काढलेलं. फक्त ते बिघडल्यावर कोणाचं, हे कोणी सांगत नाही.

आणि ते बिघडतंच. बरीचशी कार्डं मरताना एक चमत्कारिक गोष्ट करतात: लिहिणं बंद करून फक्त वाचायला देतात. फोटो पुसा, पुसले जातात. कार्ड काढून घाला, सगळे परत हजर. फॉरमॅट करा, 'पूर्ण झालं' असं येतं. पुन्हा उघडा, तेच फोटो. गिऱ्हाईक व्हायरस समजतं, दुकानदार तीन वेगवेगळ्या रीडरमध्ये घालून बघतो. व्हायरस वगैरे काही नसतो. झिजलेल्या भागांच्या जागी वापरायचे सुटे ब्लॉक संपल्यावर कंट्रोलरने कुलूप लावलेलं असतं, आणि ते उघडण्याच्या खटपटीत आत वाचण्यासारखं आहे तेही जाऊ शकतं. आधी सगळं उतरवून घ्यायचं, मग वॉरंटीकडे वळायचं. वॉरंटी बऱ्याचदा पाच किंवा दहा वर्षांची असते, बिल थर्मल कागदावरचं, आणि पाकिटात घडी करून ठेवलेला तो कागद दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत कोरा होतो. कार्ड घेतल्या दिवशीच बिलाचा फोटो काढून ठेवावा, फक्त त्याच कार्डात नको.